उत्तरेची एकच खिडकी आणि मेलेली पाच झाडं: घरात ठेवायला नेमकं काय घ्यावं?

ठाण्याचीचिऊ | ८ जून, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

फेब्रुवारीत आम्ही ठाण्यात भाड्याच्या वन बीएचकेत राहायला आलो. तिसरा मजला. हॉलला एकच मोठी खिडकी, ती उत्तरेला, आणि समोर वीसेक फुटांवर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे, पण लहान, त्यातही अर्ध्या भागात एक्झॉस्ट फॅन. बेडरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते, म्हणजे नसल्यातच जमा.

सामान लागल्यावर उत्साहाने जवळच्या एका नर्सरीत गेले आणि पाच झाडं घेऊन आले. अरेका पाम, जेड, मोगरा, लाल डोक्याचा एक छोटा कॅक्टस आणि ते मोठ्या पानांचं फिडल लीफ. कुंड्यांसकट अडीच हजार रुपये. प्रत्येक झाडाला नर्सरीवाल्याचं एकच पालुपद: "इनडोअरच आहे मॅडम, कुठेही ठेवा." मोगऱ्यालासुद्धा!

मोगरा पहिला गेला. जेडची पानं टपाटप गळून नुसत्या काड्या उरल्या. कॅक्टस खालून मऊ पडला आणि एक दिवस आडवा झाला. फिडल लीफचं दर आठवड्याला एक पान काळं पडायचं. अरेका शेवटपर्यंत लढली, तिला काल निरोप दिला. पाणी सगळ्यांना रोज सकाळी न चुकता घातलंय हो.

नवरा म्हणतोय, प्लास्टिकची आण, धुवायला तरी सोपी. मला जिवंतच हवीत. बजेट दीड हजार. आणि महत्त्वाचं म्हणजे घरात सव्वा वर्षाचा मुलगा आहे. जमिनीपासून दोन फुटांपर्यंत जे जे असेल ते तोंडात जातं.

काय घेऊ? आणि घेताना काय बघू?

---

कुंडीतलावाघ | ८ जून, रात्री ११:३०

स्नेक प्लांट, झीझी, मनीप्लांट. डोळे झाकून घ्या. माझ्याकडे झीझी संडासाच्या खिडकीत दोन वर्षं आहे, आठवण आली की पाणी.

आणि "रोज सकाळी न चुकता" वाचूनच कळलं काय झालं ते. 😀

---

हडपसरकर | ९ जून, सकाळी ७:०५

चिऊताई, आमची सोलापूर रोडला छोटी रोपवाटिका होती. आता भाऊ बघतो, पण अठरा वर्षं मी गल्ल्यावर बसलोय. त्यामुळे "इनडोअरच आहे, कुठेही ठेवा" हे वाक्य मीही शेकड्याने उच्चारलंय. पापक्षालन म्हणून सविस्तर लिहितो.

आधी माल कुठून येतो ते सांगतो. तुम्ही ठाण्यात घ्या, पुण्यात घ्या नाहीतर कोल्हापुरात, शोभेच्या झाडांचा मोठा हिस्सा आंध्रातल्या कडियमहून येतो. राजमहेंद्रीजवळ, गोदावरीच्या काठी. गावंच्या गावं रोपांवर जगतात तिथे. आपल्याकडे हडपसर ते उरुळी कांचन पट्ट्यातही बरंच तयार होतं, पण ट्रक तिकडूनही येतातच. म्हणजे झाड दमट हवेत, हिरव्या शेडनेटखाली, रोज फवारा खात वाढलेलं असतं. तिथून ट्रकमध्ये दोन-तीन दिवस, मग आमच्या शेडनेटखाली आठ-पंधरा दिवस, आणि तिथून थेट तुमच्या सोफ्याच्या कोपऱ्यात. शेडनेटखाली आपल्याला सावली वाटते, पण तो उजेड तुमच्या हॉलच्या कितीतरी पट असतो. झाडाला वाटतं कोणी तळघरात टाकलं.

"इनडोअर" अशी झाडाची जात नसते. मोठ्या जंगलात उंच झाडांच्या सावलीत जी झुडपं-वेली वाढतात, त्यांना कमी उजेडाची सवय असते, म्हणून ती घरात तग धरतात. मोगरा उन्हातला. जेड उन्हातला, त्यातून आपल्याकडे जेड म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा बारीक पानांचं दुसरंच झाड असतं, पोर्चुलाकारिया, तेही उन्हातलंच. फिडल लीफ म्हणजे वडा-पिंपळाच्या कुळातला आफ्रिकी भाऊबंद. तो तुमच्या हॉलमध्ये जगणार कसा?

म्हणून नर्सरीत जायच्या आधी घरात एक काम करा. दुपारी बाराच्या सुमाराला, दिवे बंद करून, जिथे झाड ठेवायचंय तिथे पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावली रेखीव पडली तर उजेड चांगला. कडा पुसट पण हात ओळखू येतोय, तर मध्यम. सावलीच दिसत नसेल तर तिथे झाड नको, फ्लॉवरपॉट ठेवा. मोबाइलवर उजेड मोजायची ॲप्स मिळतात, ती अगदी अचूक नसतात, पण दोन जागांची तुलना करायला पुरतात.

नर्सरीत काय बघायचं ते रात्री लिहितो, आता गिऱ्हाईक आहे. (भावाचं. मी नुसताच बसलोय.)

---

रात्रपाळी | ९ जून, दुपारी १:४०

स्नेक प्लांट बेडरूममध्ये नक्की ठेवा. रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतं, नासाने सिद्ध केलंय. आमच्याकडे चार आहेत, हवा एकदम शुद्ध.

---

निवडुंग | ९ जून, दुपारी २:२५

रात्रपाळी, तुमच्या चार झाडांना माझा नमस्कार, पण हे नासा प्रकरण एकदा निस्तरू या.

१९८९ साली नासासाठी वुल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडं छोट्या बंद पेटीत ठेवून हवेतली काही रसायनं कमी होतात का ते पाहिलं. होतात. पण तुमचं घर बंद पेटी नाही. दाराच्या फटीतून, खिडकीतून हवा सतत बदलत असते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी अशा प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशेब मांडला. घरात हवेची जी साधी ये-जा असते, तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. वन बीएचकेत माणसांना जागा उरणार नाही.

रात्रीच्या ऑक्सिजनचं म्हणाल तर स्नेक प्लांट रात्री पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेऊन ठेवतं, हे खरं. कोरड्या प्रदेशातलं झाड, दिवसा छिद्रं उघडली तर पाणी उडून जाईल म्हणून केलेली सोय. ऑक्सिजन मात्र उजेड असल्याशिवाय तयार होत नाही. तेव्हा झाड आवडतं म्हणून घ्या, हवेसाठी खिडकी उघडा.

चिऊ, तुझ्या लाल कॅक्टसचं शवविच्छेदन: तो दोन झाडांचा जोड असतो. वरच्या लाल गोळ्यात हरितद्रव्यच नसतं, तो स्वतःचं अन्न बनवू शकत नाही, म्हणून खालच्या हिरव्या खोडावर कलम केलेला असतो. चांगल्या उन्हातही त्याचं आयुष्य बेताचंच. तू त्याला अंधारात रोज पाणी पाजलंस. त्याने तीन महिने काढले हेच नवल.

कॅक्टस घेताना अजून एक. वर सुंदर रंगीत फूल असेल तर हळूच बोटाने हलवून बघ. वाळकी फुलं गोंदाने चिकटवून विकतात. मी स्वतः फसलोय. आयडीकडे बघू नका. 😐

---

मांजरवाली | ९ जून, संध्या. ६:१५

सगळ्यांनी भराभर नावं सांगितली, पण बाळाचं कोणी वाचलंच नाही का?

मनीप्लांट, झीझी, पीस लिली, सिंगोनियम, अॅग्लोनिमा, डिफेनबेकिया, फिलोडेंड्रॉन ही सगळी अळूच्या कुळातली. आणि अळू का खाजतं ते आपल्याला आजीपासून माहीत आहे. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून तर आपण फतफत्यात चिंच घालून चांगलं शिजवतो. ही झाडं कोणी शिजवून खात नाही, बाळ कच्चंच पान चावतं. मग तोंडाची आग, सूज, लाळ. डिफेनबेकिया त्यात सगळ्यात वाईट, जिभेला सूज येऊन बोलणं बंद होऊ शकतं. स्नेक प्लांट या कुळातलं नाही, पण पोटात गेलं तर उलट्या होतात.

घाबरवत नाहीये. उंचावर टांगून ठेवलं तर मनीप्लांट घरोघरी आहेच. पण हाताला लागेल अशा जागी ठेवायचं तर स्पायडर प्लांट, बॉस्टन फर्न, पेपरोमिया, कॅलाथिया यातलं बघ. अरेकाही चालते, पण तिला तुझ्याकडे आहे त्यापेक्षा जास्त उजेड लागतो.

मांजर असणाऱ्यांसाठी वेगळं: खरी लिली, म्हणजे बुके-फुलदाणीत येते ती, घरात आणूच नका. मांजराची किडनी जाते. पीस लिली नावाची लिली, ती त्यातली नाही, तिने फक्त तोंड खाजतं.

---

हडपसरकर | ९ जून, रात्री ९:५०

मांजरवाली ताईंना अनुमोदन. गिऱ्हाईक मुलाला कडेवर घेऊन डिफेनबेकिया निवडायचं आणि आम्ही "छान आहे, हवा शुद्ध करतं" म्हणून पिशवीत भरून द्यायचो. आज लाज वाटते.

आता घेताना काय बघायचं ते. सगळ्यात मोठं, सगळ्यात दाट झाड उचलायचा मोह होतो, तो टाळा. मध्यम घ्या. मोठं झाड जागा बदलल्याचा धक्का जास्त खातं आणि मेलं तर खिशालाही जास्त लागतं. पान उलटं करून बघा, कीड नेहमी खालच्या बाजूला आणि पान खोडाला मिळतं त्या बेचक्यात असते. कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. ठेवून द्या, शेजारचंही घेऊ नका. बारीक जाळी दिसली तर कोळी. खोडावर तपकिरी टिकल्या दिसल्या आणि नखाने खरवडल्यावर निघाल्या तर खवले कीड.

मग खोड बुडाशी धरून अगदी हलकं वर ओढा. घट्ट बसलं असेल तर मुळं आहेत. सुटून वर यायला लागलं तर ती कालपरवा खोचलेली फांदी, तुम्हाला झाडाच्या भावात कटिंग विकताहेत. पिशवीच्या खालच्या भोकांतून दोन-चार मुळं डोकावत असतील तर उत्तम. मुळांचा वेढाच पडला असेल तर झाड त्या पिशवीत फार दिवस राहिलंय. मातीचा वास घ्या. लोक हसतील, हसू द्या. कुजका वास आला तर मूळ सडतंय. आणि फुलं-पानं चकचकीत दिसताहेत यावर जाऊ नका, गिऱ्हाईक यायच्या वेळेला आम्ही फवारा मारतो. कोवळा कोंब शोधा. नवीन पान निघतंय म्हणजे झाड जगायच्या विचारात आहे.

घरी आणल्यावर लगेच कुंडी बदलू नका, हे शंभरातले नव्वद लोक करतात. दोन आठवडे आहे त्या पिशवीत, बाकी झाडांपासून लांब ठेवा. मग बदला. नर्सरीतला लाल मातीचा गोळा घरात पाणी धरून ठेवतो, वाळला की विटेसारखा होतो आणि पाणी कडेने वाहून जातं. बदलताना दोन भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि मूठभर विटेचे किंवा कोळशाचे बारीक तुकडे. कुंडी मागच्यापेक्षा दोन इंच मोठी, जास्त नाही. मोठ्या कुंडीत पाणी साठून राहतं.

आणि पाणी रोज नाही, ताई. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. कोरडं लागलं तरच.

---

ठाण्याचीचिऊ | १० जून, दुपारी १२:४८

केवढं लिहिलंय तुम्ही सगळ्यांनी! रोजच्या पाण्याबद्दल माझे कान धरलेत, मान्य.

आत्ताच कागद-हात प्रयोग केला. खिडकीच्या कट्ट्यावर सावली पुसट पण पाचही बोटं मोजता येतात. चार फूट आत सोफ्याजवळ नुसता करडा ढग. टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात, जिथे फिडल लीफ होतं, तिथे काहीच नाही. मोबाइलवर कट्ट्यावर १६००, सोफ्यापाशी १४०, कोपऱ्यात ३५. मी त्या झाडाला ३५ मध्ये ठेवलं होतं!! किचनच्या खिडकीत सकाळी साडेआठला गेले तर मीटर वेड्यासारखा वर गेला, तासभर थेट ऊन येतं तिथे. चार महिने त्या खिडकीत आम्ही फक्त भांडी घासायचा साबण ठेवलाय.

---

निवडुंग | १० जून, दुपारी १:१०

साबणाची चांगली वाढ झाली असेल. 😀

भर दुपारच्या उघड्या उन्हात आकडा लाखाच्या आसपास जातो, यावरून ३५ म्हणजे काय ते समज. डोळ्यांना फरक कळत नाही कारण बाहुली आपली आपण जुळवून घेते.

उत्तरेच्या खिडकीचं एक लक्षात ठेव. मध्य मे ते जुलैअखेर ठाण्यात दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे आत्ता तुला बरा उजेड मिळतोय. ऑक्टोबर ते फेब्रुवारी त्या खिडकीत थेट ऊन अजिबात येणार नाही. झाडं हिवाळ्याच्या हिशेबाने निवड.

---

वऱ्हाडीठेचा | १० जून, दुपारी ३:३०

काहून बाप्पा, तुमच्या ठाण्याच्या लोकायले उजेड पुरत नाही अन् आमच्या नागपुरात मे महिन्यात उजेड लपवा लागते. पश्चिमेच्या खिडकीतलं स्पायडर प्लांट ४५ डिग्रीत पापडासारखं भाजलं. आता सगळी झाडं कूलरच्या खोलीत. कूलरच्या ओलसर हवेत फर्नसुद्धा खुश आहे, एसीच्या खोलीत ठेवलं तं टोकं वाळतात. आमच्याकडल्या कोणी हा धागा वाचत असन तं एप्रिल-मेमध्ये झाडं घेऊच नका, घरी आणेपर्यंतच गाडीत शिजतात. पावसाचे दोन शिडकावे होऊ द्या.

---

दुसरामजला | १० जून, रात्री ८:२०

झाडं लावा, खुशाल लावा. पण बॉक्स ग्रिलमध्ये लावणार असाल तर खाली कोण राहतं ते आधी बघा. आमच्या वरच्या मजल्यावर निसर्गप्रेमी आहेत. रोज सकाळी सव्वासातला मी वाळत घातलेल्या शर्टावर गांडूळखताचा अभिषेक. सोसायटीत तीनदा तक्रार झाली. आता ते रात्री अकराला पाणी घालतात.

---

कुंडीतलावाघ | १० जून, रात्री ८:३४

हाहा! सव्वासातला शर्ट वाळत घालता म्हणजे तुम्हीही कमाल आहात.

पण खाली ताटली ठेवा हे खरं, आणि ताटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून, पुसून घ्या. डेंग्यूचा डास असल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत उडायला तयार होतो. बाटलीतल्या मनीप्लांटलाही हेच लागू.

---

गोंयकार | ११ जून, सकाळी ६:५०

आमच्याकडे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पावसाच्या तोंडावर रोपं येतात, तीच घेण्याची वेळ. जूनच्या हवेत कशालाही मुळं फुटतात. पण किनाऱ्यावरच्यांनी एक सांभाळा. वर सगळे स्नेक प्लांट मरत नाही म्हणतायत. माझं मेलं. चार महिने पाऊस, प्लास्टिकची कुंडी, भिंतीला ओल, आणि ऑगस्टमध्ये पानं धरून उचललं तर पानंच हातात आली, खाली सगळा चिखल. आता भाजक्या मातीची कुंडी वापरतो, तिच्या अंगातून ओल निघून जाते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पाणी, तेही मन झालं तर.

---

सातासमुद्रापार | ११ जून, सकाळी ८:०२

टोरांटोहून. इथे डिसेंबरात पावणेपाचला अंधार, वर हीटरची कोरडी हवा. कढीपत्ता पहिले दोन हिवाळे दगावला. तिसऱ्या वर्षी साधा पांढरा एलईडी दिवा फूटभर उंचीवर लावला, टायमरवर बारा तास. नववा महिना चालू आहे, फोडणीपुरती पानं रोज निघतात. झाडांसाठीचे खास जांभळे दिवे घ्यायची गरज नाही. चिऊ, तुझ्या ३५ वाल्या कोपऱ्यात काही ठेवायचंच असेल तर हाच मार्ग.

---

ओटीवरची | ११ जून, दुपारी ४:१५

एवढी चर्चा झाली आणि कुणी हे म्हटलं नाही? मनीप्लांट विकत घ्यायचा नसतो गं! चोरून आणायचा असतो. विकतचा लागत नाही. आमच्या घरातला माझ्या सासूबाईंनी १९९४ मध्ये गिरगावातल्या एका दवाखान्याच्या वेटिंग रूममधून खुडून आणलेला. आता त्याचे वंशज चार घरांत आहेत.

---

निवडुंग | ११ जून, दुपारी ४:४०

मला हे थोतांड वाटायचं. पण विचार केला तर यात तथ्य आहे, फक्त चोरीचं नाही. चोरलेला मनीप्लांट बहुतेक शेजारचाच असतो. म्हणजे तेच नळाचं पाणी, तीच हवा, तसलीच अंधारी खिडकी. कडियमहून ट्रकमधून आलेल्या झाडाला जी सवय लागायला दोन महिने जातात, ती याला जन्मापासून असते. शिवाय फुकट मिळालेल्या फांदीला कोणी रोज पाणी घालत नाही.

चिऊ, बिल्डिंगमध्ये कुणाकडे काय तगलंय ते आधी बघून ये. विशेषतः तुझ्याच बाजूला खिडक्या असलेल्या फ्लॅटमध्ये. नर्सरीवाल्यापेक्षा खरं उत्तर तिथे मिळेल.

---

ठाण्याचीचिऊ | १५ जून, रात्री १०:३०

शनिवारी नर्सरीत जाऊन आले. मुद्दाम दुसऱ्या. मुलाला नवऱ्याकडे ठेवून, पिशवीत पांढरा कागद घेऊन (का ते विचारू नका).

आत शिरल्याबरोबर एक कॅलाथिया दिसला, पानावर कोणी कुंचल्याने रेघा मारल्यासारखा. हात गेलाच. मग हडपसरकरांची आठवण आली आणि पान उलटं केलं. खालची बाजू जांभळी, मखमली, त्यावर काही नाही. पण देठ खोडाला मिळतो तिथे, अगदी आत, कापसाची एक गुंजभर गोळी. नखाने उचलली तर चिकट, आणि दाबल्यावर आत केशरी-गुलाबी ओल. मी नर्सरीतल्या पोऱ्याला दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "खत आहे ते ताई." मी म्हटलं, खताला पाय आहेत. तो हसला आणि म्हणाला, "मग मागच्या बाकावरचं बघा, तो लॉट परवाच आलाय." आधी का नाही सांगितलंस रे बाबा?

मागच्या बाकावरही कॅलाथिया घेतला नाही, कारण तो पाण्याच्या बाबतीत नखरेल असतो असं त्यानेच सांगितलं. दोन स्पायडर प्लांट घेतले, ऐंशीला एक. उपटून बघितले (हलकेच!), घट्ट होते. एक बॉस्टन फर्न टांगायच्या कुंडीसकट २८० ला, किचनच्या खिडकीसाठी. एक छोटं पेपरोमिया १२०. मातीचा वास घेताना एका काकांनी "काय झालं, चक्कर आली का?" विचारलं.

एकूण ५६०. कोपऱ्यात काहीही ठेवलं नाहीये. तिथे आता मुलाची सायकल आहे.

---

हडपसरकर | १६ जून, सकाळी ७:२०

"खताला पाय आहेत" हे मी भावाच्या नर्सरीत पाटी करून लावणार आहे.

छान खरेदी. पुढे कधी पिठ्या दिसलाच तर कापसाच्या बोळ्याने पुसून काढा आणि एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, दोन-चार थेंब भांड्यांचा लिक्विड साबण घालून संध्याकाळी फवारा, दर आठवड्याला, तीन-चार वेळा. कीटकनाशकाच्या बाटलीची गरज नाही घरात, बाळ आहे.

---

अंजनीच्याझाडाखाली | १६ जून, सकाळी ११:००

उशिरा आले, थोडं अवांतर. स्पायडर प्लांट आफ्रिकेतलं, पण त्याच्याच वंशातली आपली सफेद मुसळी. तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलिआनम, चक्क आपल्या बोरिवलीवरून! पावसाळ्यात डोंगरात हिची पांढरी फुलं दिसतात. तेव्हा चिऊताई, तुमच्या कट्ट्यावरच्या झाडाचे नातेवाईक पश्चिम रेल्वेला आहेत.

---

मांजरवाली | १६ जून, दुपारी १२:१०

मध्य रेल्वेवाल्यांवर नेहमीच अन्याय.

---

ठाण्याचीचिऊ | २८ जून, रात्री ९:४५

मनीप्लांटचं राहिलं होतं सांगायचं. निवडुंग म्हणाला तसं बिल्डिंगमध्ये फिरले. पहिल्या मजल्यावर आमच्याच बाजूला एक आजी राहतात, एकट्याच. त्यांच्या हॉलमध्ये आमच्याहून कमी उजेड, आणि मनीप्लांट खिडकीतून निघून टीव्हीवरून, फोटोंच्या मागून पार दारापर्यंत आलेला. मी सरळ विचारलं, आजी, एक फांदी द्याल का?

आजी म्हणाल्या, "मागून घेतलेला लागत नाही." मग उठल्या, कात्री टीपॉयवर ठेवली, म्हणाल्या, "मी गॅसवरचं दूध बघून येते," आणि आत गेल्या. गॅस बंद होता, मला बसल्या जागेवरून दिसत होता. मी जिथे पान फुटतं त्या गाठीच्या जरा खाली कापून दोन फांद्या घेतल्या आणि पिशवीत टाकल्या. आजी दोन मिनिटांनी बाहेर आल्या, कात्री परत डब्यात ठेवली आणि विचारलं, "चहा घेणार का?"

फांद्या बरणीत घालून फ्रिजवर ठेवल्यात, मुलाच्या हाताच्या पार पलीकडे. पाणी दर रविवारी बदलते. काल एका गाठीतून पांढरं मूळ बाहेर आलंय, अर्धं बोट लांब.

---

ओटीवरची | २८ जून, रात्री ९:५२

लागला!!

---

दुसरामजला | २८ जून, रात्री १०:०५

अभिनंदन. आजी पहिल्या मजल्यावर, तुम्ही तिसऱ्या. मधल्या मजल्यावर कोण राहतं? फर्नखाली ताटली आहे ना?

---

ठाण्याचीचिऊ | २८ जून, रात्री १०:११

आहे हो, आहे. शिवाय स्पायडरला दोरीसारखा एक दांडा फुटलाय, त्याला पिल्लू आलं की पहिलं दुसऱ्या मजल्यालाच देणार आहे. म्हणजे तक्रार करायच्या आधी दोनदा विचार करतील.